बाप दुबईला गेला, तेव्हा कुणी कोर्टात गेलं नाही

माझ्या वर्गात दरवर्षी पाच-सहा मुलं अशी असतात, ज्यांचे अब्बू दुबईला किंवा सौदीला असतात. पालकसभेला अम्मी येते. प्रगतीपुस्तकावर सही अम्मीची. अब्बू दोन वर्षांनी महिनाभर येतात. 'या बापाने मुलांना पोरकं केलं' असं मोहल्ल्यात कुणी म्हणत नाही. 'बिचारा मुलांसाठी खपतोय' असंच म्हणतात. खपतोच तो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. गेल्या वर्षी एक आई बोनाफाईड मागायला आली. खुला होऊन चार वर्षं झालेली, पेशाने नर्स. आखातात नोकरी मिळाली होती आणि मुलीला सोबत न्यायचं होतं. पासपोर्टच्या अर्जावर बापाची संमती हवी होती. चार वर्षांत एकदाही शाळेची पायरी न चढलेला बाप आता म्हणाला, "माझी मुलगी माझ्यापासून तोडताय!" जमातीतले चार वडीलधारेही त्याच्याच बाजूने बोलले.

हा दुटप्पीपणा आहे आणि तो आपण दीनच्या नावावर खपवतो.

जुन्या फिकहमध्ये आईने मुलाला बापापासून लांब नेण्यावर मर्यादा आहे, हे खरं. पण ती कशासाठी? बापाने जाऊन मुलाला भेटावं आणि घरी परतावं, एवढं अंतर असावं म्हणून. म्हणजे मुद्दा भेटीचा आहे, आईला जखडण्याचा नाही. सूरह बकराच्या 233 व्या आयतीचा आशय तर स्पष्ट आहे: मुलावरून आईला त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये. आपण त्यातलं अर्धंच वाचतो.

आता कोर्टाचं पाहा. पुण्यातल्या एका आईला नोकरीनिमित्त पोलंडमधल्या क्राकोला जायचं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायला फॅमिली कोर्टाने नकार दिला. बापाने युक्रेनच्या युद्धाचंही कारण पुढे केलं. जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी परवानगी दिली. मूल की नोकरी, अशी निवड बाईवर लादता येत नाही, हे त्या निकालाचं सार. पण बापालाही वाऱ्यावर सोडलं नाही. सुट्टीत मुलीला भारतात आणून त्याला भेटवायचं, हे आईवर बंधनकारक केलं.

'आमचा कायदा वेगळा आहे' असं कुणी म्हणेल. मुलाने सात वर्षं पूर्ण केली की ताबा बापाचा, हा आपल्याकडे पाठ असलेला नियम. पण 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने नऊ वर्षांच्या मुस्लिम मुलाचा ताबा आईकडे दिला. व्यक्तिगत कायदा आणि मुलाचं हित समोरासमोर आले, तर हित वरचढ. आपल्या नगर जिल्ह्याची अपिलंही याच खंडपीठापुढे जातात.

दर रविवारी लेकीला भेटणाऱ्या बापाचं दुःख मला कळतं, मी स्वतः बाप आहे. आईने गुपचूप विमानात बसणं हाही जुलूमच. 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. एकदा मूल परस्पर देशाबाहेर नेलं, की परत आणण्याची लढाई वर्षानुवर्षं चालते. म्हणून परवानगी आधी, तिकीट नंतर.

पण याची तयारी आपणच करू शकतो. निकाहनाम्यात महेरचा आकडा आपण काटेकोर लिहितो. तलाक किंवा खुल्याच्या कागदावर मुलाबद्दल मात्र एक ओळ नसते. पासपोर्टवर सही कोण करणार, सुट्टी कुणाकडे, फोन कधी, विमानाचं भाडं कुणाचं, हे तिथेच लिहा. काझीसाहेबांनी आणि जमातीने तेवढा आग्रह धरावा.

ती मुलगी अजून माझ्याच वर्गात आहे. अम्मी एकटीच गेली. आता पालकसभेला नानी येते. बाप अजूनही येत नाही.