गेम वेगळा, जुगार वेगळा

डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरचे विलासराव देशमुख शासकीय संस्थेचे रुग्णालय, मनोविकार विभागाबाहेरच्या रांगेत आज एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘पोरगं दिवसभर मोबाइलवर गेम खेळतंय, डोक्यावर परिणाम झाला का?’ नीट आणि जेईईच्या तयारीसाठी हजारो मुले या दोन शहरांत खोली घेऊन राहतात. त्यामुळे इथे हा प्रश्न जरा जास्तच टोकदार आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे आणि बिनपैशाच्या खेळांना मुभाही आहे. घराघरांत मात्र बातमी पोहोचली ती ‘गेमवर बंदी’ एवढीच. सुक्याबरोबर ओलेही जळावे, तसे झाले. रमी किंवा सट्ट्याच्या ॲपवर पैसे घालवणारा तरुण आणि अभ्यासानंतर अर्धा तास फुटबॉलचा गेम खेळणारी मुलगी यांना एकाच पारड्यात तोलणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

फायदा कोणता, किती?

२००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने या विषयाला दिशा दिली. वेगवान ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची नजरेच्या टप्प्यातील अनेक गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची क्षमता जास्त आढळली. न खेळणाऱ्यांना सराव दिल्यावर त्यांच्यातही ती वाढली. २००७ मध्ये अमेरिकेत ३३ शल्यचिकित्सकांची पाहणी झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. अभ्यास लहान होता आणि मुळातच हात चपळ असणारेच गेमकडे वळत असतील, ही शक्यता उरतेच.

मनाच्या बाबतीत जपानचा अभ्यास अधिक भक्कम आहे. २०२० ते २०२२ या काळात तिथे गेमच्या यंत्रांचा तुटवडा होता, म्हणून दुकानांनी सोडत काढली. यंत्र कोणाला मिळणार हे केवळ नशिबावर ठरले. त्यामुळे ज्यांना मिळाले आणि ज्यांना मिळाले नाही त्यांची तुलना विश्वासार्ह झाली. यंत्र मिळालेल्यांचे मानसिक स्वास्थ्य थोडे बरे आढळले. मात्र दिवसाला तीन तासांपुढे हा फायदा घटत गेला.

ऑक्सफर्डमध्ये २०१७ साली रस्ते अपघातातून वाचलेल्या ७१ जणांवर एक प्रयोग झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आत, घटना थोडी आठवून काही जणांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा गेम खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना अपघाताची भयंकर दृश्ये कमी वेळा आठवली. ठोकळे जुळवताना मेंदूचा चित्रे साठवणारा भाग गुंतलेला राहतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर जून २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांच्या अवधान-दोष असलेल्या मुलांसाठी एका गेमला उपचार म्हणून परवानगी दिली. पण पूरक उपचार म्हणून, गोळ्यांना पर्याय म्हणून नव्हे.

फुगवून सांगण्याचा मोहही टाळायला हवा. पक्षाघातानंतर हाताला व्यायाम म्हणून व्हिडिओ गेम द्यावा की पत्त्यांसारखे साधे खेळ, याची २०१६ मध्ये पद्धतशीर तुलना झाली. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच निघाली. म्हणजे महागडे यंत्र नसले तरी चालते. आपल्या वॉर्डात पत्ते किंवा चेंडू आणून ठेवला, तरी रुग्णाचे काम होऊ शकते.

आजार कधी म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे, ते जानेवारी २०२२ पासून लागू झाले. मुलगा किती तास खेळतो, एवढ्यावरून हे निदान होत नाही. त्याला तीन खुणा लागतात : खेळण्यावरचा ताबा सुटणे, जेवण-झोप-अभ्यासापेक्षा गेमला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे सर्व साधारण वर्षभर चाललेले असावे लागते. बहुतेक मुले या व्याख्येत बसत नाहीत.

कोचिंगच्या शहरात मात्र आणखी एक शक्यता तपासावी लागते. चाचणीत गुण घसरलेला, घरापासून दूर एकटा राहणारा मुलगा रात्री दोनपर्यंत खेळतो, तेव्हा गेम हा अनेकदा आजार नसून लक्षण असतो. आत नैराश्य किंवा भीती दडलेली असते. अशा वेळी फोन हिसकावला, तर आजार तसाच राहतो आणि मुलाचा एकुलता विसावा तेवढा जातो.

काय करावे?

मोबाइल आणि त्यातल्या गेमना वेळेचे कुंपण घालावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. असा नियम घरातही पाळता येतो, पण तो आई-वडिलांनाही लागू हवा. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. म्हणून झोपण्याच्या खोलीत फोन नको. रोज तासभर मैदानावर घाम गाळलाच पाहिजे. त्यानंतर उरलेल्या वेळात अर्धा-पाऊण तास गेम खेळला, तर बिघडत नाही. मित्रांबरोबर खेळलेला उत्तम. पैसे मागणारा कोणताही गेम मात्र सरळ काढून टाकावा.

मूल गप्प झाले, जेवण-झोप बिघडली, मरणाची भाषा आली, तर गेमवर वाद न घालता लगेच डॉक्टरांकडे आणावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. ‘किती वेळ खेळलास?’ याआधी ‘कसा आहेस?’ हा प्रश्न विचारला, तर निम्मे निदान घरीच होते.