लोकसंख्या जास्त म्हणून आजार जास्त? आशियातले आकडे काय सांगतात

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते. "अहो, लोकसंख्याच एवढी वाढलीय, डॉक्टर तरी काय करणार!" त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते. "चीनसारखा कायदा केला पाहिजे, त्याशिवाय आपले लोक ऐकायचे नाहीत." आजूबाजूचे माना डोलावतात.

यातले पहिले वाक्य म्हणजे निदान आणि दुसरे म्हणजे औषध. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. का, ते आपल्याच आशिया खंडातल्या देशांकडे बघून समजून घेऊ.

गर्दी नेमकी कुठे मोजायची?

जगातली सुमारे 60 टक्के माणसे आशियात राहतात. 2023 च्या सुमारास भारताने चीनला मागे टाकले आणि आपण जगातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश झालो. पण एकूण आकडा वेगळा आणि घनता, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसे राहतात, ती वेगळी.

बांगलादेशचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आहे आणि तिथे सुमारे 17 कोटी लोक राहतात. दर चौरस किलोमीटरला 1,100 हून जास्त. सिंगापूरमध्ये हाच आकडा 8,000 च्या पुढे जातो. दुसऱ्या टोकाला मंगोलिया आहे. आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट मोठा देश, लोक जेमतेम 35 लाख. चौरस किलोमीटरला दोन-तीन माणसे.

गर्दीमुळेच आजार होत असते, तर सिंगापूर आजारी आणि मंगोलिया ठणठणीत असायला हवा होता. प्रत्यक्षात सिंगापूरचे सरासरी आयुर्मान 80 च्या पुढे, जगातल्या उत्तम देशांच्या पंक्तीत आहे. मंगोलियातली जवळपास निम्मी माणसे उलानबातर या एकाच शहरात राहतात. कडाक्याच्या थंडीत तिथल्या तंबूवजा घरांत कोळशाच्या शेगड्या पेटतात, शहरावर धूर साचतो आणि लहान मुले न्यूमोनियाने बेजार होतात. एवढा मोकळा देश, पण श्वास घ्यायला हवा नाही!

देशाची सरासरी घनता म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांच्या तापाची सरासरी. तिच्यावरून कोणाला औषध द्यायचे, ते कळत नाही. क्षयाच्या जंतूला देशाची घनता ठाऊक नसते. एका बंद खोलीत किती जण झोपतात, तिला खिडकी आहे का, खोकणाऱ्या माणसाचे निदान किती लवकर होते, यावर क्षय पसरतो. गर्दीने संसर्ग सोपा होतो हे खरे आहे. पण स्वच्छ पाणी, संडास, हवेशीर घर आणि जवळचा दवाखाना असेल तर तीच गर्दी सुखाने जगू शकते.

जपानचेच बघा. क्षेत्रफळ 3.78 लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या 12 कोटींच्या थोडी वर. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 3.08 लाख आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. म्हणजे घनता जवळपास आपल्याइतकीच. त्यातही जपानचा दोन-तृतीयांश भाग डोंगर आणि जंगलांनी व्यापलेला. तरी तिथला माणूस सरासरी 84 वर्षे जगतो. मग आपल्याकडच्या साथींचे खापर फक्त डोक्यांच्या संख्येवर कसे फोडता येईल?

वाढ अजून चालू आहे का?

यासाठी एक आकडा लक्षात ठेवा. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, त्याला एकूण प्रजनन दर म्हणतात. तो 2.1 च्या आसपास असला की एक पिढी आपली जागा जेमतेम भरून काढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये भारताचा हा दर 2.0 होता. महाराष्ट्राचा 1.7 आणि गोव्याचा 1.3. "लोक ऐकत नाहीत" ही तक्रार आता जुनी झाली. लोकांनी केव्हाच ऐकले आहे.

"मग लोकसंख्या वाढतेच कशी?" हा प्रश्न रास्त आहे. कारण आपल्याकडे तरुण जोडपीच खूप आहेत. प्रत्येकाने दोनच मुले होऊ दिली, तरी जन्मांची एकूण संख्या काही दशके मृत्यूंपेक्षा जास्त राहते. भरधाव रेल्वेला ब्रेक लावला तरी ती लगेच थांबत नाही, तसेच हे आहे.

आशियात सगळीकडे एकच चित्र नाही. अफगाणिस्तान आणि येमेनमध्ये हा दर अजून चारच्या वर आहे. दक्षिण कोरियात 2023 मध्ये तो 0.72 पर्यंत घसरला. एका ठिकाणी प्रसूतिगृहे अपुरी पडतात, तर दुसऱ्या ठिकाणी शाळा बंद पडतात.

मग चीनचा कायदा?

चीनने 1980 च्या सुमारास एक मूल धोरण देशभर लागू केले. पण त्याच्या आधीच्या दशकातच तिथला प्रजनन दर जवळपास सहावरून तीनच्या खाली आला होता. तेव्हाही सरकारी दबाव होता, पण मोठी घट कायद्याच्या आधीची आहे, हे विसरले जाते. पुढे सक्तीचे गर्भपात झाले आणि मुलगाच हवा म्हणून मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या. 2016 मध्ये दोन आणि 2021 मध्ये तीन मुलांची परवानगी मिळाली. तरीही 2016 मध्ये पावणेदोन कोटींच्या वर असलेले जन्म 2023 मध्ये सुमारे 90 लाखांवर आले. सक्तीने बंद केलेला नळ हुकूम सोडून पुन्हा वाहता होत नाही.

आपणही हे औषध चाखले आहे. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. त्या जबरदस्तीची भीती अजून गेलेली नाही. आज वापरात असलेल्या साधनांत स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचा वाटा सुमारे 38 टक्के जोडप्यांचा, पुरुषांचा फक्त 0.3 टक्के. सक्ती झाली पुरुषांवर आणि तिची किंमत पिढ्यानपिढ्या मोजताहेत बायका.

लहान कुटुंबाचा आग्रह आणि मुलाचा हट्ट एकत्र आले की काय होते, तेही आपण पाहिले. 2011 मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या 1,000 मुलग्यांमागे 894 मुलीच होत्या.

उलट बांगलादेश बघा. 1970 च्या दशकात तिथे एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत. कार्यकर्त्या घरोघर गेल्या, साधने पोहोचवली. जुलाबावर मीठ-गुळाचे पाणी कसे करायचे, ते आयांना शिकवले. लसी आल्या, मुली शाळेत गेल्या. आज हा दर दोनच्या थोडासाच वर आहे. झालेले मूल जगेल याची खात्री पटली की आई-वडील आपोआप कमी मुले होऊ देतात. इराणनेही गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून हेच साधले. महाराष्ट्राला तर ही वाट जुनीच. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते, समजावून सांगण्याच्या भरवशावर.

तुम्ही काय करायचे?

दोन मुलांमध्ये अंतर ठेवा. एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे तरी पुढची गर्भधारणा नको. आई आणि बाळ दोघांच्याही तब्येतीला ते मानवते.

कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषांनी नसबंदीचा विचार जरूर करावा. ती बिनटाक्याची, जागा बधिर करून वीसेक मिनिटांत होते. पुरुषत्व कमी होत नाही, अशक्तपणा येत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत याची खात्री करून घ्यायची. बायकोच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो, तुमच्या नाही, एवढे तरी लक्षात ठेवा.

आणि म्हातारपणाची तयारी करा. जपानमध्ये आज 100 पैकी 29 माणसे 65 च्या पुढची आहेत. आपली दोन मुलांची, एका मुलाची घरे त्याच वाटेने निघाली आहेत. रक्तदाब, साखर आणि गुडघे चाळिशीपासून सांभाळले, तर उद्या एकुलत्या एका लेकीवर भार पडणार नाही.

पुढच्या वेळी रांगेत कोणी म्हणाले, "लोकसंख्याच फार," तर त्यांना एवढेच विचारा: माणसे जास्त आहेत, की डॉक्टर, खाटा आणि नळाचे स्वच्छ पाणी कमी आहे? माणसे कमी करण्याचा हुकूम सोडता येतो. दवाखाना मात्र बांधावा लागतो, आणि तो मागण्याचा हक्क तुमचा आहे.