पाण्याची रांग आणि गणिताचा तास

गेल्या पावसाळ्यात विहारातल्या अभ्यासिकेत मुलांना एक पानभर लिहायला सांगितलं होतं. शाळेत शिकलेलं घरी काय कामाला आलं, एवढाच विषय. नववीतल्या एका मुलीनं लिहिलं, "मला गणित आवडत नव्हतं. गल्लीतले ड्रम मोजल्यापासून आवडायला लागलं." ते पान आम्ही घरी आणून दोनदा वाचलं. आमच्या मते ते वस्तीतल्या प्रत्येक आईबापानं वाचावं, म्हणून इथे त्याबद्दल लिहीत आहोत.

झालं असं, की त्या आठवड्यात गल्लीतल्या दोन मुलांना डेंग्यू झाला. शाळेत तेव्हा सांख्यिकीचा धडा चालू होता. ही मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन बॅटरी लावून घरोघरचे ड्रम बघत फिरली. ४८ घरं पाहिली, त्यांतल्या १२ घरांत अळ्या सापडल्या. "चारात एक घर, म्हणजे शेकडा २५," असं तिनं लिहिलं. आरोग्य खातं हेच करतं, त्याला हाऊस इंडेक्स म्हणतात. आम्ही नोकरीत असताना असे आकडे वर्षानुवर्षं रजिस्टरमध्ये भरले आणि वर पाठवले. ज्यांच्या घरात अळ्या मिळाल्या, त्या गल्लीला मात्र तो आकडा कधी बसून सांगितला नाही. ही चूक आमची.

"आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा," असं आम्ही दारोदार सांगत फिरायचो. आठवडाच का, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. या मुलीनं विचारलं. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. सातव्या दिवशी ड्रम रिकामा केला, तर अळीचा डास होतच नाही. दहाव्या दिवशी केला, तर डास उडून गेलेला असतो. सगळं गणित या दोन-तीन दिवसांचं आहे. शिवाय अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्यानं घासावं लागतं. हे कळल्यावर मुलींनी गल्लीत शनिवार ठरवला. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा ४८ पैकी ५ घरांत अळ्या होत्या, म्हणजे शेकडा दहाच्या आसपास.

त्याच पानावर नळाचंही गणित आहे. घरातल्या टाकीचा नळ सेकंदाला एक थेंब गळतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. साधारण २० थेंबांचा एक मिलीलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात आणि महिन्याला १३० लिटरच्या जवळ. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर आठ हंड्यांहून जास्त. नळाचा वायसर बदलायला किती खर्च येतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, हे तर महापालिकेचं काम, पोरींनी का करावं? काम महापालिकेचंच आहे, त्यात वाद नाही. पण "डास फार झालेत" असा अर्ज आपण कितीदा दिला आणि "बघतो" हे उत्तर कितीदा ऐकलं? या खेपेला अर्जासोबत मुलींचा कागद जोडला. त्यात घर, ड्रम, तारीख, सगळं होतं. आठ दिवसांत फवारणीची माणसं आली. गटार अजून तुंबलेलंच आहे, त्यासाठी दुसरा कागद तयार करतो आहोत. आकडा हातात असला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे हातात दिवा घेतलेली बाई, एवढंच मनावर ठसलं. ती आकडेवारीत पक्की होती, हे फार उशिरा कळलं. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिनं १८५८ साली आकृती काढून सरकारपुढे मांडलं. तिथल्या इस्पितळाखालची गटारं तुंबलेली होती. ती साफ केली, हवा खेळती केली, तसे मृत्यू घटत गेले. वस्तीचं पर्यावरण म्हणजे तरी दुसरं काय? आपला ड्रम, आपलं गटार, आपल्या चुलीचा आणि जाळलेल्या प्लॅस्टिकचा धूर.

पण खरं बोचलं ते त्या पानाच्या शेवटी. तिनं लिहिलं होतं, "आमच्याकडे एकाआड एक दिवस सकाळी सातला पाणी येतं. शाळा साडेसातला असते. पहिला तास गणिताचा असतो. या महिन्यात माझे गणिताचे ९ तास बुडाले. भावाचा एकही नाही."

तिनं तक्रार केलेली नाही. फक्त मोजलं आहे. पण मायबहिणींनो, हे आपल्या घराचं गणित आहे. वस्तीचं पाणी मुली भरतात आणि त्याची किंमत शिक्षणानं चुकवतात. मग दहावीला गणितात मागे पडल्या, की "मुलींच्या डोक्यात गणित जात नाही," असं आपणच म्हणतो.

म्हणून एवढं करा. पाण्याच्या पाळ्या लावा आणि त्यात वडील आणि मुलगे धरा. प्रत्येक गल्लीनं कोरडा दिवस ठरवावा, ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधावं आणि मोजणीचा कागद विहाराच्या भिंतीवर लावावा. पावसाळ्यात ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासून घ्या. पोटात जोराचं दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर तेवढीही वाट न पाहता दवाखाना गाठा. अशा तापात दुकानातून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनची गोळी आणून देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. पाणी अजून सातलाच येतं. आता रांगेत एक दिवस तिचे वडील उभे राहतात, एक दिवस भाऊ. आपल्या घरात कोण उभं राहतं, ते या महिन्यात मोजून पाहा.