दोन स्टेशनांच्या मधली वाट



आमच्या लवळ्याला रेल्वे नाही. मुळशीकडच्या माणसाला आगगाडी पकडायची तर आधी पीएमटीने पुण्यात यावे लागते. (२००७ पासून ती पीएमपीएमएल झाली, पण गावात अजून पीएमटीच म्हणतात.) तरीसुद्धा गेल्या वीसेक वर्षांतला माझा बराच वेळ दोन रेल्वे स्टेशनांच्या मध्ये गेला आहे आणि तोही चालत. शिवाजीनगरला उतरायचे, पुणे स्टेशनजवळच्या कचेरीत जायचे. अंतर साधारण तीन किलोमीटर, मला चाळीस मिनिटे लागतात.

कारकुनी करणारा, त्यातून बी.कॉम. झालेला माणूस हिशेब केल्याशिवाय राहत नाही. जून २०२५ मध्ये बसभाडे वाढले आणि पाच रुपयांचे कमीत कमी तिकीट दहाचे झाले. जाता-येता वीस रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० रुपये, वर्षाला ६,२४०. चपलेचे तळ झिजतात ते वजा करा, तरी मुलांच्या वह्या-पुस्तकांना हातभार लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून शिवाजीनगर ते पुणे स्टेशन मेट्रोनेही जाता येते, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलून. गाडी छान आहे, थंडगार आहे. एक-दोनदा कुटुंबाला घेऊन बसलो. पण रोजच्या रोज परवडायला खिसा तेवढा हवा ना.

सकाळी साडेसातला या वाटेवर उभे राहून पाहा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौकापासून संगम पूल, आरटीओ आणि तिथून पुढे बाबासाहेबांचा पुतळा, ससून, स्टेशन. डबा पिशवीत घातलेल्या भगिनी झपझप चाललेल्या असतात. कोणी झाडलोटीला, कोणी दवाखान्यात, कोणी लॉजवर कपडे धुवायला. त्यांना कोणी विचारत नाही, की बाई, तू रोज किती चालतेस? तब्येतीसाठी पांढरे बूट घालून बागेत फेऱ्या मारणाऱ्याचे कौतुक होते, ते व्हावेही. पण जिला आठ तास उभे राहून काम करायचे आहे आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच चालायचे आहे, तिच्या चालण्याला व्यायाम म्हणणे मला पटत नाही. तिला निदान पाय ठेवायला सलग फुटपाथ तरी मिळावा. आज कुठे मोटारसायकली लावलेल्या, कुठे खोदलेले, कुठे फुटपाथ एवढा उंच की गुडघे दुखणाऱ्या बाईला रस्त्यावरूनच जावे लागते. शिवाजीनगर स्टेशनालगतचा एस.टी. स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला, तेव्हापासून एस.टी.ने येऊन लोकल धरणाऱ्यांच्या वाटेत आणखी एक तुकडा वाढला. बोचके, लेकरू, म्हातारे माणूस घेऊन त्यांनी तो कसा काटायचा?

हे सगळे मी आज लिहायला बसलो त्याला कारण घरातलेच आहे. माझा पुतण्या स्टेशनजवळ एका दुकानात कामाला लागला. तोही शिवाजीनगरहून चालतच जातो. मला बरे वाटले, पोरगा पैसा जपतो. मग एके दिवशी वहिनींनी मला हळूच सांगितले, की तो रस्त्याने जात नाही, रुळांवरून जातो. नदीवरच्या रेल्वेच्या पुलावरून.

मी त्याला बोलावून विचारले. म्हणाला, "काका, दहा-बारा मिनिटं वाचतात. आणि रस्त्यावर तरी कुठं चालायला जागा आहे? सगळेच जातात."

त्याचे दुसरे वाक्य मला खोडता येईना. म्हणून मी त्याला आजवर घरात कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. मी बावीस वर्षांचा असताना त्याच पुलावरून गेलो होतो. उशीर झाला होता, साहेब खाडा मांडतील ही भीती. पुलाच्या मध्यावर आलो आणि मागून भोंगा ऐकू आला. पुलाच्या कडेला माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा होती, तिथे लोखंडाला मिठी मारून उभा राहिलो. गाडी गेली. किती डबे होते आठवत नाही. खाली मुठेचे पाणी हलत होते की मीच हलत होतो, तेही कळले नाही. डबा नदीत पडला होता. घरी आईला सांगितले, कचेरीत विसरला.

पुतण्या गप्प बसला. मग मी त्याला करमाडची आठवण दिली. लॉकडाऊनमध्ये, ८ मे २०२०ला पहाटे, जालन्याहून भुसावळला गाडी मिळेल या आशेने निघालेले मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या वाटेने चालत होते. गाड्या बंद आहेत अशी समजूत, चालून थकलेले, तिथेच रुळांवर झोपले. मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तेही एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनालाच निघाले होते.

कायद्याचेही सांगितले. रुळांवरून विनापरवाना चालले तर रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे दोन महिने चालून वाचवलेले पैसे एका दिवसात गेले. हा हिशेब त्याला करमाडपेक्षा लवकर पटला असे दिसले. काय करणार, शेवटी आमच्याच घरचा.

आता तो पंधरा मिनिटे लवकर उठतो. वहिनी म्हणतात, तो आता रस्त्यानेच जातो. तोही तसेच सांगतो. पण बावीसाव्या वर्षी मीसुद्धा घरी डबा विसरल्याचेच सांगितले होते. म्हणून पुढच्या सोमवारी मी अर्धा तास आधीची बस धरून संगम पुलावर उभा राहणार आहे.