त्यांच्या ड्यूटीला भोंगा नाही

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये घरातलं घड्याळ कंपनीच्या शिफ्टवर चालतं. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला डबा तयार हवा. सेकंड असली की रात्री उशिरापर्यंत ताट झाकून ठेवायचं. नाईट असली की दिवसभर पोरांना ‘हळू बोला, बाबा झोपलेत’ म्हणून दटावायचं. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही घरात डोकवा, हेच दिसेल. पण एक गोष्ट ठरलेली असते. शिफ्ट संपली की दुसरा माणूस येतो, मशीन त्याच्या ताब्यात देऊन आपला माणूस घरची वाट धरतो.

याच पट्ट्यात रात्रंदिवस राबणारी आणखीही माणसं आहेत, पण त्यांची सुटी करणारा भोंगा वाजत नाही. मी बोलतेय रुग्णालयातल्या डॉक्टरांबद्दल, विशेषतः नोकरीला नव्याने लागलेल्या डॉक्टर मुलींबद्दल. संत तुकारामनगरचं आपलं वायसीएम, म्हणजे महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय घ्या. साडेसातशे खाटांचं हे रुग्णालय काही एकट्या शहराचं नाही. चाकण, खेड, मावळ, जुन्नरकडूनही माणसं इथे येतात. मशीनमध्ये बोट सापडलेला कामगार, अडलेली बाळंतीण, महामार्गावरच्या अपघातातले जखमी. अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की ‘डॉक्टर गेले कुठे?’ असं आपण सगळ्याच विचारतो. ‘डॉक्टर, तुम्ही जेवलात का?’ असं विचारणारी एखादीच.

या विषयावर लिहावंसं वाटलं ते ओळखीतल्या तीन डॉक्टर मुलींमुळे. तिघी तीन वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. त्यांची आणि त्यांच्या रुग्णालयांची नावं मी देत नाही, कारण त्यांना तिथे नोकरी करायची आहे! तिघींना मी एकच प्रश्न विचारला, ‘नोकरीत समाधान आहे का गं?’ मला वाटलं होतं, पगाराचं रडगाणं ऐकायला मिळेल. पण पगाराचा विषय दोन मिनिटांत संपला. उरलेला तासभर त्या माणसांबद्दलच बोलत होत्या.

पहिली म्हणाली, “मावशी, कामाचं काही वाटत नाही हो. पण राऊंडला पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर ‘तुला डॉक्टर कुणी केलं?’ असं ऐकावं लागलं की दिवसभर कशात लक्ष लागत नाही.” दुसरीने मोठं, चकाचक रुग्णालय सोडलं आणि चाकणजवळच्या एका लहान दवाखान्यात कमी पगारावर गेली. घरच्यांनी वेड्यात काढलं. ती म्हणते, “इथल्या मॅडमना रात्री दोनला फोन केला तरी उचलतात. ‘बरं झालं विचारलंस’ म्हणतात. मला आणखी काय हवं?” तिसरी तिच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरबद्दल भरभरून बोलली. सिस्टरच्या अनुभवापुढे हिची पदवी कालची. पण काही चुकतंय असं दिसलं की सिस्टर चारचौघांत न बोलता हळूच बाजूला घेऊन सांगतात.

मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतंय ना हे? मला तर थेट सासू-सुनेचीच आठवण झाली. ‘आम्ही नाही का सोसलं? तुम्हीही सोसा,’ हे वाक्य कित्येक स्वयंपाकघरांतून हळूहळू हद्दपार होतंय. रुग्णालयांत मात्र ते अजून पांढरा कोट घालून फिरतंय. सिनियरने रात्र-रात्र काढल्या म्हणून ज्युनियरनेही काढायच्या. तिला टोमणे मिळाले म्हणून हिलाही मिळणार. सिनियर मुळात वाईट असते असं नाही. तिच्याही डोक्यावर पेशंटचा डोंगर असतो. पण ओझं वरून खाली सरकत जातं आणि शेवटी सगळ्यात लहान खांद्यावर येऊन बसतं.

कागदावर सगळं ठीक आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने १९९२ मध्ये ठरवून दिलेला आकडाही तोच, आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग काम १२ तासांपेक्षा जास्त नको. आता तुमच्या ओळखीत कुणी निवासी डॉक्टर असेल तर तिला हा आकडा सांगून बघा. ती नुसती हसेल.

कुणी म्हणेल, हा त्यांचा आपापसातला प्रश्न, आपल्याला काय त्याचं? तर तसं नाही. गाड्यांच्या अनेक कारखान्यांत अशी पद्धत आहे की दोष दिसला तर साध्या कामगारानेही बटण दाबून लाईन थांबवायची. त्याला कुणी रागवत नाही. मग ऑपरेशनच्या टेबलाशी उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरला किंवा सिस्टरला ‘सर, एक मिनिट थांबा’ म्हणायची भीती का वाटावी? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासणी यादी काढली. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू हजारी १५ वरून ८ वर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. यादीत औषधांचे, उपकरणांचे मुद्दे होतेच. पण ज्याचं नाव ठाऊक आहे त्याच्याशी बोलायला जीभ रेटते, हेही त्यामागे असू शकतं. म्हणजे डॉक्टरांचं आपापसात पटतं की नाही, याचा हिशेब शेवटी आपल्या माणसाच्या जिवाशी येऊन थांबतो.

आणि त्यांच्या स्वतःच्या जिवाचं काय? मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने आयुष्य संपवलं. जळगावकडची, आदिवासी तडवी समाजातली ही लेक स्त्रीरोगतज्ज्ञ होण्यासाठी शिकत होती. सिनियर सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातली तरुण डॉक्टर गेली. आपल्यावर दबाव येतोय, अशी तक्रार तिने आधी केली होती, असं पुढे आलं. दोन्ही प्रकरणं वेगळी, आरोपही वेगळे. पण आई म्हणून दोन्ही बातम्या वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न आला, या मुलींचं वेळेवर ऐकणारं तिथे कुणीच नव्हतं का?

कायदे आहेत, ते आपल्याला माहीत असायला हवेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. लहान दवाखान्यातल्या डॉक्टरला, नर्सला आणि झाडूवाल्या मावशीलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. पण रोजच्या टोमण्यांसाठी, अपमानासाठी असं कुठलं कलम लावणार? तिथे माणसांनीच माणसांशी नीट वागायला हवं.

यात आपलाही वाटा आहे. लेक डॉक्टर झाली की आपण पेढे वाटतो. पण ती फोनवर ‘आई, मला इथे नको वाटतंय’ म्हणाली की आपल्या तोंडून चटकन निघतं, ‘एवढा खर्च केलाय, जरा सहन कर.’ असं म्हणू नका. तिचं सगळं ऐकून घ्या. झोप मिळते का, जेवतेस का, मनातलं बोलायला कुणी आहे का, हे विचारा. गरज वाटली तर सरळ बॅग भरून तिच्याकडे जाऊन राहा. तुमच्यापैकी कुणी स्वतः सिनियर डॉक्टर किंवा हेडसिस्टर असाल तर उद्याच्या राऊंडला नव्या मुलीची चूक बाजूला घेऊन सांगा. आणि वॉर्डात आपला पेशंट असेल तेव्हा आवाज चढवण्याआधी समोरच्या मुलीकडे एकदा नीट बघा. कदाचित ती कालपासून घरी गेलेली नसेल.