रामटेकला जाता, तर नृसिंहापाशी थांबा

नागपुरात पाहुणे आले की रामटेकची वारी ठरलेली. सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता, अंबाळा तलाव, गडमंदिरात राम-लक्ष्मणाचं दर्शन, माकडांपासून प्रसाद वाचवत उतरणं. या घाईत वाटेवरची दोन ठेंगणी दगडी देवळं मागे पडतात. वर शिखर नाही, भिंतींवर अप्सरा नाहीत, बाहेरून जुनी कोठारं वाटावीत इतकी साधी.

केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह. पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली ही मंदिरं महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधीव मंदिरांत मोडतात.

वाकाटक म्हटलं की मराठी माणसाला अजिंठा आठवतो. तिथलं १६ क्रमांकाचं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं कोरवलं. ती वाशीमची शाखा. दुसरी शाखा रामटेकजवळ, नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला नांदत होती. अजिंठ्यात डोंगर पोखरून आत जायचं होतं; इथे दगडावर दगड रचून भार पेलायचा होता. जाड भिंती, चौकोनी गाभारा, पुढे खांबांचा मंडप, सपाट छप्पर. पुढच्या काळातल्या उत्तुंग शिखरांआधीची ही पायरी आहे आणि म्हणूनच ती पाहण्याजोगी आहे. कोरीवकाम भरगच्च असेल तरच देऊळ भव्य, ही आपली सवय इथे सोडावी लागते.

आतला नृसिंहही वेगळा. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही. एक गुडघा उंचावून, हाती चक्र घेऊन तो राजासारखा ऐसपैस बसला आहे.

केवल नृसिंहाच्या भिंतीवरचा शिलालेख गिलाव्याखाली दडला होता; तो १९८०च्या दशकात उजेडात आला. बराच झिजलेल्या त्या लेखात प्रभावतीगुप्ताचं नाव आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांकडे सून म्हणून आली आणि पती रुद्रसेन गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. रिद्धपूरचा तिचा ताम्रपट तर रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे. विदर्भाचा कारभार हाकणाऱ्या या बाईची ओळख नागपूरच्या किती शाळकरी मुलांना आहे?

याच टेकडीवर लक्ष्मण मंदिरात यादवांच्या काळातला लेख आहे आणि भोसल्यांनी केलेली डागडुजीही. तेराशे वर्षांचं बांधकाम एका चढणीत पाहता येतं, अशा जागा राज्यात फार नाहीत.

तेव्हा शाळांच्या सहली नृसिंहापाशी अर्धा तास थांबाव्यात. तिथे सुबोध मराठीत नकाशासह फलक हवेत, सुटीच्या दिवशी माहिती सांगणारी स्थानिक तरुण मुलं हवीत, त्यांना मानधनही हवं. आणि भक्तांनी जुन्या दगडाला रंग, शेंदूर लावू नये. हात जोडून झाल्यावर मान वर करून छप्पर कसं पेललंय, तेही बघावं.