गॅसच्या कायद्यात आपला वकील कुठे आहे?

आपल्या पोरांनी वकील व्हावं, असं आपण सगळेच म्हणतो. कसला वकील, हे मात्र कुणी विचारत नाही. एलएल.बी. झालेला तरुण भेटला की आपण त्याच्या हातात ॲट्रॉसिटीची फाइल ठेवतो, फार तर जातपडताळणीची. ही कामं आम्ही कमी लेखत नाही. ती करणारे नसते तर कित्येक गावांत साधा गुन्हासुद्धा नोंदला गेला नसता. पण याच देशात दुसरंही एक कोर्ट भरतं. समुद्राखालचा वायू कुणाचा, जमिनीखालचं तेल कुणी काढायचं, त्याचा भाव काय, हे तिथे ठरतं. त्या कोर्टात आपली माणसं शोधावी लागतात आणि त्याची आपल्याला खंतही नाही. आमचा राग या खंत नसण्यावर आहे.

२००५ साली दोन अंबानी भावांची वाटणी झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू थोरल्याने धाकट्याच्या कंपनीला १७ वर्षं २.३४ डॉलर दराने द्यायचा, असं घरातल्या घरात ठरलं. सरकारने पुढे भाव ठरवला ४.२० डॉलर. मग भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. संविधानाचं कलम २९७ सांगतं की समुद्राखालची खनिजं संघराज्याची. म्हणजे तुमची-आमची. आणि दोन भाऊ ती आईच्या साक्षीने वाटून घेत होते, जशी गावचा पाटील गावठाणाची जागा पोरांत वाटतो! ७ मे २०१० रोजी निकाल लागला: वायू ग्राहकापर्यंत पोचेतो सरकारच्या मालकीचा, घरगुती करार सरकारशी झालेल्या कराराच्या वर नाही. त्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, त्या खुर्चीवर बसलेले पहिले दलित. चार दिवसांनी ते निवृत्त झाले.

हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण खुर्चीसमोर उभ्या असलेल्या वकिलांच्या फौजेत आपली पोरं किती होती? बाकावरच्या एका माणसाने समाजाचा प्रश्न सुटत नाही. युक्तिवाद खालून येतो. कुठला मुद्दा मांडायचा आणि कुठला गिळायचा, हे खाली उभे असलेले ठरवतात.

इथे आमचे काही मित्र म्हणतील, कंपन्यांची वकिली म्हणजे भांडवलदारांची दलाली, आपल्या पोरांनी त्यात कशाला पडायचं? ऐकायला क्रांतिकारक वाटतं. बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केल्यावर बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला होता. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते ४६ मजूर खातं सांभाळताना वीज, पाणी आणि खाणी यांच्या फायली स्वतः वाचल्या. पैशाचा आणि खनिजाचा कायदा सवर्णांसाठी सोडून देऊ, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ते आपणच ठरवलं.

आता समुद्र सोडून रानात या. गॅसची लाईन शेतातून जाते तेव्हा १९६२ चा पाइपलाइन कायदा लागतो. या कायद्यात सरकार जमीन घेत नाही, जमिनीचा वापरहक्क घेतं. सातबारा तुमच्या नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या. मोबदला? पिकाची, झाडांची नुकसानी आणि वर जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. दहा लाखांच्या जमिनीला एक लाख. हरकत घ्यायला राजपत्रातल्या अधिसूचनेपासून २१ दिवस. राजपत्र आपल्या वस्तीत कोण वाचतं?

याच ठिकाणी जात उभी राहते. लाईन मोजणारा अधिकारी सातबारा बघतो. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहापासून आपण ज्या गायरानांसाठी तुरुंगात गेलो, त्या जमिनी कसणाऱ्या कितीतरी कुटुंबांचं नाव सातबाऱ्यावर आजही नाही. महार वतनाच्या जमिनींवर डझनावारी वारसांची नावं आणि कसणारा एकच. शेतमजुराचं तर नाव कुठेच नाही. सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, 'तुम्ही मालक नाही.'

आणि कायदा तसं म्हणत नाही! कलम १० (४) नीट वाचा. दहा टक्क्यांची रक्कम मालकाला, आणि त्या जमिनीच्या उपभोगाच्या हक्काला कुठल्याही प्रकारे बाधा पोचली आहे अशा इतर कुणालाही द्यायची, असं तिथे लिहिलं आहे. नुकसानभरपाईचं कलम १० (१) सुद्धा 'मालक' म्हणत नाही, जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती म्हणतं. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येतं. गायरान कसणाऱ्याचा उपभोग हा 'हक्क' आहे की नाही, यावर कंपनीचा वकील वाद घालेलच. घालू दे. पण तो वाद घालायला आपल्या बाजूने कुणीतरी उभं तर राहिलं पाहिजे. मुंबई ते नागपूर आणि पुढे झारसुगुड्यापर्यंतची गेलची लाईन अर्ध्या महाराष्ट्रातून जाते. त्या तालुक्यांत आपल्या संघटनांच्या शाखा आहेत. तिथे असे अर्ज किती केले, हे प्रत्येक शाखेने स्वतःला विचारावं.

या क्षेत्रात जायची वाट बंद नाही, अरुंद आहे. ओएनजीसी, इंडियन ऑइलसारख्या सरकारी कंपन्या विधी अधिकारी घेताना क्लॅटच्या पदव्युत्तर परीक्षेचे गुण धरत आल्या आहेत आणि त्या जागांना आरक्षण आहे. ॲबर्डीन, डंडी इथे ऊर्जा कायद्याचं एलएल.एम. आहे आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पुढे मात्र दार लागतं. या कंपन्या कोर्टासाठी आणि लवादासाठी बाहेरचे वकील नेमतात, त्या पॅनलला आरक्षण नाही. कोट्यवधींची फी तिथे आहे आणि तिथली निवड ओळखीवर, घराण्यावर, इंग्रजीच्या उच्चारावर होते. कंपनीच विकली तर विधी अधिकाऱ्याची राखीव जागाही गेली. भारत पेट्रोलियम विकायचा निर्णय २०१९ मध्ये झालाच होता, २०२२ मध्ये गुंडाळावा लागला. त्या विक्रीविरुद्ध आपल्या किती मोर्चांत घोषणा ऐकू आल्या?

पॅनलवर प्रतिनिधित्व ही मागणी म्हणून आपल्या निवेदनांत आली पाहिजे, शिष्यवृत्तीच्या मागणीइतकीच ठळक. आणि विद्यार्थी संघटनांनी पुढच्या अभ्यासवर्गात ॲट्रॉसिटी कायद्यासोबत १९६२ चा हा कायदाही ठेवावा. एका बैठकीत वाचून होतो. ज्या गावातून लाईन गेली आहे तिथल्या दोन-तीन कसणाऱ्यांना त्या वर्गाला बोलवा आणि कलम १० (४) खालचा अर्ज तिथेच लिहून घ्या.